१ ऑक्टोबरच्या आधी: मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात लॅन्सिंगजवळ राहणाऱ्या एका वाचकाने वसंतात ६० पौंडांचं, म्हणजे खेचायला तेवढा जोर लागणारं, कंपाऊंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य घेतलं, हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण केला आणि एका शेतकऱ्याकडून सोयाबीनच्या शेतालगतच्या रानात शिकार करायची परवानगीही मिळवली. आता ऑगस्ट अर्धा सरलाय. १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाचा सीझन उघडतो, आणि हा त्यांचा पहिलाच सीझन. क्लबच्या रेंजवर ४० यार्डांवरून बाण व्यवस्थित बसतात, असं ते लिहितात. ब्रॉडहेड (बाणाचं धारदार पात्यांचं टोक) कुठला घ्यावा, कॅमोचे, म्हणजे रानात मिसळून जाणारे, कपडे कुठले, आणि अंगाचा वास मारणारा स्प्रे कुठला, हे त्यांना हवंय.

तिन्हींची उत्तरं खाली देतो. पण तुम्ही न विचारलेला एक प्रश्न या तिन्हींच्या आधी येतो: किती अंतरापलीकडे मी बाण सोडणार नाही? हा आकडा सीझन उघडण्याआधी ठरलेला असला पाहिजे. झाडावर बसल्यावर, समोर हरीण उभं असताना आणि छाती धडधडत असताना तो ठरत नाही. मी इथे बरीच वर्षं धनुष्याने शिकार करतोय, नवीन लोकांना बरोबर नेतोय. जखमी होऊन निघून गेलेल्या आणि कधीच न सापडलेल्या हरणांच्या ज्या कहाण्या ऐकल्या, त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी हा न ठरवलेला आकडाच होता.

४० यार्डांवर थर्माकोलच्या ठोकळ्यात बाण बसणं आणि ४० यार्डांवरच्या हरणावर बाण सोडणं यात फरक कुठे पडतो ते पाहा. तुमच्या धनुष्यातून शिकारीच्या वजनाचा बाण साधारण सेकंदाला २७० फूट वेगाने जात असेल. आवाज सेकंदाला ११०० फुटांच्या वर जातो. म्हणजे दोरी सुटल्याचा आवाज हरणापर्यंत आधी पोचतो, बाण नंतर. २० यार्डांवर बाणाला सुमारे ०.२२ सेकंद लागतात, ४० यार्डांवर ०.४४. दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं आणि मग उसळी घेतं. २० यार्डांवर त्याला पुरेसं खाली जायला वेळच मिळत नाही. ४० यार्डांवर छातीच्या मध्यावर धरलेला नेम पाठीवरून निघून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाठीच्या वरच्या स्नायूंत घुसतो. नेम चुकलेला नसतो, हरीण जागेवर राहिलेलं नसतं. कितीही सराव केला तरी हे बदलत नाही. सावध झालेल्या, मान वर करून कान टवकारलेल्या हरणावर तर कमी अंतरावरूनही थांबावं.

आता तुमचा आकडा काढायची रीत. सहा इंची कागदी बशी घ्या. दोन आठवडे, जमेल त्या दिवशी, हात गरम न करता, शिकारीला घालणार तेच कपडे घालून, एकच बाण सोडा. त्या दिवसाचा तोच खरा बाण. दहा बाण मारून झाल्यावर अकरावा कुठे बसला याला काही किंमत नाही, कारण रानात अकरावा बाण नसतो. कधी १५, कधी २५, कधी ३० यार्ड असं अंतर बदलत राहा, आणि रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) न वापरता अंतराचा अंदाज आधी मनाशी बोला. वहीत लिहून ठेवा. ज्या सगळ्यात लांबच्या अंतरावर तो पहिला बाण एकदाही बशीबाहेर गेला नाही, त्यातून पाच यार्ड वजा करा. पहिल्या सीझनला हा आकडा बहुतेकांचा २० ते २५ च्या आसपास येतो, आणि तो लहान वाटून खट्टू व्हायचं कारण नाही. मिशिगनच्या दाट रानात ४० यार्डांपर्यंत मोकळी नजर जाते अशा जागा मुळातच थोड्या. मचाण नीट जागी असेल तर हरीण १५ यार्डांवरून जातं.

धनुष्याकडे याच आठवड्यात बघा. सप्टेंबरच्या मध्यावर दुकानात गेलात तर स्ट्रिंग (दोरी) बदलायला रांग असते, आणि नवीन स्ट्रिंग थोडी ताणून बसेपर्यंत नेम धरायची साइट सरकत राहते. चांगल्या उजेडात दोरीवरून नजर फिरवा. तंतू पिसारल्यासारखे दिसत असतील तर मेण लावा आणि दोन बोटांत धरून, मेण ऊबेने आत शिरेपर्यंत चोळा. कॅमजवळ, म्हणजे टोकाच्या चाकाजवळ, दोरीवर जो बारीक धागा गुंडाळलेला असतो, तो सुटून फट पडली असेल तर धनुष्य सरळ दुकानात न्या. लिंबवरून, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भुजांवरून, कापसाचा बोळा फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे तडा आहे. प्रत्येक कार्बन बाण दोन्ही हातांनी हलका वाकवून, फिरवून, कानाजवळ धरून ऐका. करकर आली की तो बाण मोडून फेकून द्या. तडा गेलेला कार्बन बाण सुटताना फुटतो आणि त्याच्या चिपा धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. मित्राला धनुष्य दाखवताना हे हमखास घडतं.

६० पौंडांबद्दल एक चाचणी. खुर्चीत बसा, दोन्ही पाय जमिनीपासून उचला, धनुष्य समोर निशाणावर धरा आणि हात वर आकाशाकडे न नेता सरळ मागे खेचा. जमलं नाही तर वजन कमी करा. थंडीत दोन तास न हलता बसल्यावर स्नायू आखडतात आणि ऑगस्टमध्ये सहज खेचलेलं धनुष्य जड लागतं. वर हात करून, झटका देऊन खेचणारा शिकारी हरणाला लगेच दिसतो. वजन कमी करताना वरचा आणि खालचा लिंब बोल्ट अगदी सारखे फिरवा, धनुष्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपलीकडे सैल करू नका, आणि नंतर साइट पुन्हा लावून घ्या. व्हाइटटेलसाठी, म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी, ५० पौंड पुरेसे आहेत. धारदार ब्रॉडहेड आणि सरळ उडणारा बाण असेल तर तो फासळ्यांतून आरपार जातो.

ब्रॉडहेडचं उत्तर यातूनच निघतं. पहिल्या वर्षी तीन पात्यांचा, न उघडणारा, तुमच्या सरावाच्या टोकाइतक्याच वजनाचा, बहुधा १०० ग्रेनचा, घ्या. मेकॅनिकल, म्हणजे लागल्यावर पाती उघडणारे, ब्रॉडहेड हवेत छान उडतात, पण पाती उघडण्यात बाणाची थोडी ताकद जाते. तुमच्या धनुष्याच्या जोराला ते चालतील. तरीही, न उघडणारा ब्रॉडहेड तुमचं धनुष्य नीट ट्यून झालंय की नाही हे लपवू देत नाही, म्हणून मी तोच सुचवतो. मिशिगनमध्ये हरणासाठी ब्रॉडहेड किमान ७/८ इंच रुंद आणि बाण किमान १४ इंच लांब लागतो. दुकानातल्या शिकारीच्या बहुतेक पात्यांत ही अट पूर्ण होतेच.

सरावाचं टोक लावलेला बाण आणि ब्रॉडहेड लावलेला बाण एकाच ठिकाणी बसले पाहिजेत. आधी साध्या टोकाने २० यार्डांवरून मारा, मग त्याच बाणांना ब्रॉडहेड लावून मारा. ब्रॉडहेड डावीकडे जात असतील तर बाण टेकतो ती रेस्ट उजवीकडे सरकवा, म्हणजे ब्रॉडहेड साध्या टोकांच्या दिशेने येतील. एका वेळी मिलिमीटरपेक्षा कमी. हे काम कंटाळवाणं आहे, अख्खी संध्याकाळ जाते, पण सगळ्या तयारीत याच्याइतका मोबदला फार थोड्या गोष्टींत मिळतो. साइट हलवून फरक झाकू नका. सराव केलेली पाती शिकारीला वापरायची नाहीत, ती नवीन बसवायची किंवा धार लावायची. धार पाहायला रबर बँड ताणून पात्यावरून हलकेच ओढा. दाब न देता तुटला तर धार आहे. टोक बसवताना बोटांनी पिळू नका, त्याची प्लास्टिकची चावी वापरा.

उंचीवरून मारण्याचा सराव वेगळा करावा लागतो. लोक अंतराच्या हिशेबात अडकतात, पण २० फूट उंचीवरून २० यार्डांवर तिरक्या आणि सपाट अंतरात जेमतेम एका यार्डाचा फरक पडतो. चूक अंतरात होत नाही, शरीरात होते. खाली मारताना लोक नुसता हात खाली नेतात आणि खेच बदलते. आधी सपाट पातळीवर पूर्ण खेचा, मग कमरेतून वाका. हार्नेस (झाडावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे) घालून, बसून, उभं राहून, डावीकडे पिळून, सगळ्या स्थितींतून मारून बघा. झाडाच्या अगदी बुंध्याशी आलेल्या हरणावर बाण सोडू नका. सरळ वरून दोन्ही फुफ्फुसं एका रेषेत येत नाहीत.

मचाणाबद्दल मी कठोर बोलणार आहे. धनुष्याच्या शिकारीत माणसाला खरा धोका असतो तो झाडावरून पडण्याचा, आणि पडणं बहुतेक वेळा चढता-उतरताना किंवा शिडीवरून मचाणावर पाय टाकताना होतं. म्हणून पूर्ण अंगाचा हार्नेस जमिनीवरच घाला आणि झाडाला वरपासून खालपर्यंत लाइफलाइन बांधून, सरकती गाठ हार्नेसला अडकवूनच पहिलं पाऊल वर टाका. वर पोचल्यावर बांधू, असं म्हणणारा चढताना मोकळाच असतो. हातात काही घेऊन चढू नका. धनुष्य दोरीने नंतर वर ओढा, बाण क्विव्हरमध्ये, म्हणजे भात्यात, झाकलेले. हार्नेसला लटकून राहिलात तर पाय बधिर होतात आणि रक्त खाली साचतं, म्हणून पाय टेकायचा रिलीफ स्ट्रॅप खिशात नाही, हाताला लागेल असा ठेवा. घराच्या अंगणात, जमिनीपासून फूटभर उंचीवर, दुसरं माणूस शेजारी उभं करून एकदा लटकून बघा. मागच्या वर्षीचे पट्टे झाडावर राहिले असतील तर ते फेका. खारी ते कुरतडतात आणि ऊन ते कुजवतं.

झाड निवडताना मिशिगनपुरती एक गोष्ट लक्षात ठेवा. २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा भुंगा ओळखला गेला, आणि तेव्हापासून इथली ॲशची झाडं प्रचंड प्रमाणात मेली. तुमच्या रानात ती उभ्याने वाळलेली असणार. सरळ, फांद्या नसलेला, मचाणाला हवा तसा बुंधा दिसतो, पण लाकूड ठिसूळ झालेलं असतं. साल सोलवटलेली आणि आत नागमोडी रेघा दिसल्या की त्या झाडापासून लांब. जिवंत ओक किंवा मेपल घ्या, आणि शेजारचं मेलेलं झाड तुमच्या मचाणावर कोसळणार नाही ना, तेही पाहा. सरकारी जमिनीवर, म्हणजे रोझ लेकसारख्या ठिकाणी, मचाण खिळे, स्क्रू किंवा बोल्ट मारून झाडाला बसवता येत नाही, आणि त्यावर खालून वाचता येईल असं तुमचं नाव-पत्ता लागतो. खासगी रानात शेतकऱ्याला विचारल्याशिवाय एक फांदीही छाटू नका.

आता जागा. सध्या संध्याकाळी सोयाबीनच्या हिरव्या पानांवर हरणं येताना तुम्हाला दुर्बिणीतून दिसत असतील, नर तर एकत्र टोळीने, शिंगांवर अजून मखमल (केसाळ कातडी) असलेले. ते दृश्य बघून शेताच्या कडेला मचाण बांधाल तर १ ऑक्टोबरला बहुधा रिकाम्या शेताकडे बघत बसाल. सप्टेंबरच्या सुरुवातीला मखमल गळते आणि टोळ्या फुटतात. सप्टेंबरअखेर सोयाबीनची पानं पिवळी पडतात आणि हरणं ती सोडून देतात. त्याच सुमाराला रानात व्हाइट ओकचे अकॉर्न (ओकची फळं) गळायला लागतात. त्यांत टॅनिन कमी असतं, चव कमी कडू, आणि ते पडत असताना हरणं दुसरीकडे फारशी वळत नाहीत. रेड ओकचे अकॉर्न जास्त कडवट, ते पुढे थंडीत खातात. फरक पानावरून कळतो: व्हाइट ओकच्या पानाच्या कडा गोलसर, रेड ओकच्या टोकदार. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुर्बिणीने शेंडे बघा आणि या वर्षी फळ धरलेले व्हाइट ओक शोधा. सगळीच झाडं दर वर्षी फळत नाहीत. खाली ताज्या लेंड्या, पायवाट, अकॉर्नच्या फोडलेल्या टोप्या दिसल्या की जागा मिळाली. सोडून दिलेल्या बागेतलं सफरचंदाचं झाड असेल तर तेही नकाशावर घ्या.

ही पाहणी एकदाच करा, भर दुपारी, जमल्यास पाऊस येण्याआधी, म्हणजे तुमचा वास धुऊन जाईल. त्याच फेरीत मचाण बांधा, मारायच्या रेषेतल्या काटक्या काढा, चार झाडांची अंतरं मोजून लक्षात ठेवा, आणि मग सीझनपर्यंत पाय ठेवू नका. रानात लावलेल्या ट्रेल कॅमेऱ्याचं कार्ड बघायला दर शनिवारी जाणारा माणूस हरणांना आपलं वेळापत्रक शिकवतो.

वाऱ्याचा भाग सगळ्यात जास्त विचार करण्यासारखा आहे. हवामानाच्या ॲपमध्ये नैर्ऋत्येचा वारा दिसला म्हणजे तुमच्या झाडाखाली नैर्ऋत्येचाच वाहतो असं नाही. संध्याकाळी हवा थंड होते आणि उताराने खाली, ओढ्याच्या दिशेने घरंगळते. सकाळी ऊन पडल्यावर तीच वर चढते. वारा मंद असेल तर हा प्रवाहच राज्य करतो. हे डोळ्यांनी पाहायचा उपाय रस्त्याच्या कडेलाच उगवलेला आहे. इथे ज्याला मिल्कवीड म्हणतात तो आपल्या रुईच्याच कुळातला. सप्टेंबरअखेर त्याची बोंडं पिकतात, आणि आत लहानपणी आपण फुंकर मारून उडवायचो तशाच म्हाताऱ्या असतात. एक बोंड खिशात ठेवा. मचाणावरून एक म्हातारी सोडा आणि तिच्याकडे बघत राहा. वारा बघायला विकतात ती पावडरची बाटली चार फुटांवरचं सांगते; म्हातारी साठ यार्डांपर्यंत दिसते. ती आधी डावीकडे जाते, ओढ्याकडे खाली उतरते, मग झाडीत वळसा घेऊन परत येते, आणि हरणं तुम्हाला पाहण्याआधी का पळत होती ते समजतं. एका जागेवर विसंबू नका. दोन वेगळ्या वाऱ्यांसाठी दोन झाडं निवडा, आणि दोन्हींचा वारा नसेल त्या दिवशी घरी थांबा.

मचाणाकडे जायचा आणि परतायचा रस्ताही वाऱ्याइतकाच महत्त्वाचा. पहिले काही दिवस मी फक्त संध्याकाळी बसायला सांगतो. पहाटे अंधारात आत जाताना हरणं शेतातच चरत असतात आणि तुम्ही त्यांच्यामधून चालत जाता. संध्याकाळी उतरताना शेतात हरणं उभी असतील तर शेतकऱ्याला फोन करून त्याची पिकअप कडेने आणायला सांगा. गाडीला ती रोज बघतात, ती थोडी बाजूला होतात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. झाडावरून माणूस उतरताना पाहिलं की त्या झाडाकडे मान वर करून बघायला लागतात.

स्प्रेचं उत्तर यातच आलं. अंग आणि कपडे बिनवासाच्या साबणाने धुवा, कपडे फोडणीच्या वासापासून लांब बंद डब्यात ठेवा, रबरी बूट घाला. याने थोडा फरक पडतो. वारा चुकीचा असेल तर कुठलाही स्प्रे तुम्हाला वाचवणार नाही. कॅमोचंही तसंच. हरणाला नारिंगी-तांबडा रंग नीट ओळखू येत नाही, पण निळा आणि अतिनील उजेड ते आपल्यापेक्षा चांगला पाहतं. म्हणून जीन्स नको, आणि कपडे जास्त उजळ दिसावेत म्हणून रसायनं घातलेली धुण्याची पावडर नको. बाकी मळखाऊ, कापडाचा आवाज न होणारा कोणताही जोड चालेल. मागे जाड बुंधा आणि फांद्या असाव्यात, आणि तुम्ही हलू नये. पैसे वाचले तर ते हार्नेसवर आणि बुटांवर घाला. कपड्यांवर परमेथ्रिन (गोचीड मारणारं औषध) मारून पूर्ण वाळू द्या. लाइम रोग पसरवणारी पूर्ण वाढलेली गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरातच जास्त फिरते. घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे तपासा.

कायद्याचं थोडक्यात. १ जानेवारी १९६० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन लागतं, ते तुम्ही केलंय. सीझन १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर. १५ नोव्हेंबरपासून बंदूक सुरू होते, तेव्हा धनुष्यवाल्यालाही नारिंगी घालावं लागतं. मग १ डिसेंबरपासून पुन्हा धनुष्य. लोअर पेनिन्सुलात, म्हणजे मिशिगनच्या तुमच्याकडच्या दक्षिण भागात, २०१९ पासून मका, सफरचंद, मीठ असं काहीही आमिष टाकायला बंदी आली, आणि दर वर्षी नियम थोडेफार बदलतात, म्हणून या वर्षीचं डीएनआरचं (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचं) डायजेस्ट, म्हणजे नियमांची पुस्तिका, स्वतः वाचा. शिकार झाल्यावर हरणाला परवान्याचा टॅग, आणि ७२ तासांत ऑनलाइन नोंद. शेजारच्या शेतात गेलेलं हरीण आणायलाही परवानगी लागते, म्हणून शेजाऱ्यांचे फोन नंबर आजच घ्या, रात्री नऊला टॉर्च घेऊन त्यांचं दार वाजवायची वेळ येऊ देऊ नका. आणि भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी: तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार गुन्हा आहे. इथलं काहीही तिकडे लागू नाही.

आता तो क्षण. हरीण पूर्ण आडवं असावं, किंवा तोंड तुमच्यापासून थोडं पलीकडे वळलेलं. आडव्या हरणाच्या पुढच्या पायाच्या मागची रेघ वर न्या आणि छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर नेम धरा. पलीकडे वळलेलं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे बाण निघेल असा विचार करा. तोंड तुमच्याकडे असेल, मधे काटकी असेल, चालत असेल, तुमच्या आकड्याबाहेर असेल, तर धनुष्य खाली. नोव्हेंबर अजून यायचाय.

बाण सुटल्यावर हालचाल करू नका. हरीण कुठे उभं होतं, कसं पळालं, शेवटचं कुठल्या झाडाजवळ दिसलं, कुठला आवाज आला, हे मनात पक्कं करा. अर्धा तास मचाणावरच बसा. मग उतरून बाण शोधा. बाणावर फेसाळ, गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त असेल तर फुफ्फुसात बसलाय, हरीण बहुधा शंभरेक यार्डांत आहे. काळपट, मरून रक्त म्हणजे यकृत, आपली कलेजी. चार ते सहा तास थांबा. हिरवट-तपकिरी घाण आणि उग्र वास आला तर आतड्यात लागलाय, आठ ते बारा तास थांबणं भाग आहे. तसं हरीण जवळच आडवं होतं आणि कोणी हुसकावलं नाही तर तिथेच मरतं. हुसकावलंत तर मैलभर जातं आणि रक्तही सांडत नाही. ऊबदार रात्री मांस खराब होईल ही भीती रास्त आहे, तरी घाईने माग काढल्यास मांसही जातं आणि हरीणही. अशा वेळी माग काढणाऱ्या कुत्र्यांच्या हँडलरला बोलवा. मिशिगनमध्ये पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याने माग काढणं चालतं. त्यांचा नंबरही सप्टेंबरमध्येच फोनमध्ये असू द्या. माग काढताना प्रत्येक रक्ताच्या थेंबाशी टॉयलेट पेपरचा तुकडा टाका आणि मागावर पाय न देता बाजूने चाला. माग तुटला की मागे वळून त्या पांढऱ्या तुकड्यांची रेघ बघा, पुढची दिशा दिसते. नंतर सगळे तुकडे उचला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारचं तापमान २० अंशांच्या वर जाऊ शकतं, त्यामुळे मांसाची तयारी आधीच हवी. गाडीत कूलर आणि बर्फाच्या पिशव्या, हातमोजे, तीन-चार इंचांची धारदार सुरी. आतडी आणि मूत्राशय न फोडता लवकरात लवकर काढा, पोकळीत बर्फ भरा. तुमचा मीट प्रोसेसर (हरीण कापून मांस करून देणारा) १ ऑक्टोबरला किती वाजेपर्यंत हरीण घेतो, हे आधी विचारा. सगळे जण बंदुकीच्या सीझनइतका वेळ उघडे नसतात.

स्वयंपाकाबद्दल एवढंच की हरणाची चरबी बोकडासारखी नसते. ती मेणासारखी टाळूला चिकटते, म्हणून सगळी काढून टाका आणि तेल-खोबऱ्याचं वाटण वापरा. मान आणि नळ्या कुकरमध्ये रश्श्याला उत्तम. पाठीचे दोन लांब तुकडे मात्र कुकरमध्ये घालू नका, बिडाच्या तव्यावर झटपट भाजा, नाहीतर वाळून दोर होतात.

आणि तपासणी. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा प्रायॉनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा, रोग आहे. मिशिगनच्या रानातल्या हरणात तो पहिल्यांदा २०१५ मध्ये सापडला, तो तुमच्या शेजारच्या मेरिडियन टाउनशिपमध्ये. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा, सल्ला आहे. मान आणि डोकं तपासणीसाठी कुठे द्यायचं हे डीएनआरच्या यादीत आधी बघून ठेवा. मेंदू आणि कण्याला सुरी लावू नका, मांस हाडावरून काढून घ्या. निकाल येईपर्यंत पाकिटांवर तारीख आणि टॅगचा क्रमांक लिहून फ्रीझरमध्ये वेगळी ठेवा. शेतकऱ्याचा वाटा काढायचाच आहे, पण तोही निकाल हातात आल्यावरच पोचवा.